बिनइंजिनाचे विमान वर राहते कसे?

मुंबई पोलिसांचा एक आदेश अधूनमधून बातम्यांत येत असतो. सण असोत, बड्या पाहुण्यांचा दौरा असो की सुरक्षेची काही कुणकुण, ड्रोन, पॅराग्लायडर, रिमोट कंट्रोलवर चालणारी मायक्रोलाइट विमाने, हॉट एअर बलून यांच्या उड्डाणाला अमुक तारखेपर्यंत बंदी. वाचणाऱ्याचे लक्ष 'ड्रोन'पाशीच थांबते. पण ड्रोन घरोघरी माहीत व्हायच्या कितीतरी आधीपासून जगभर माणसे मोकळ्या माळांवर आणि डोंगरकड्यांवर जमून रेडिओने विमाने उडवत आली आहेत. त्यांच्यातला एक पंथ इंजिनाच्या वाटेलाच जात नाही. त्यांची विमाने म्हणजे ग्लायडर. दोन-तीन मीटर पंख, किलो-दोन किलो वजन आणि आवाज जवळपास नाहीच. जाणत्याच्या हाती ती तासभरही वर राहतात.

पंखा नाही, इंधन नाही, मग वर राहतात कशी? हे एकदा कळले की हलके बांधण्याचा अट्टाहास, क्लबची गरज, ड्रोनच्या नियमांवरून चाललेली कुरकुर हे सगळे त्यातूनच उलगडत जाते.

आधी पडणे समजून घ्या

ग्लायडर सुटल्या क्षणापासून पडतच असते. फक्त सावकाश आणि पुढे सरकत. खंबाटकी घाटाच्या उतारावर सायकल सोडली तर पायडल न मारताही ती धावते, कारण आपण उंची खर्च करून वेग विकत घेत असतो. ग्लायडरही उतारावरच असते. तो उतार हवेत असल्यामुळे आपल्याला दिसत नाही, एवढेच. नाक थोडे खाली केले की वेग वाढतो, वर केले की कमी होतो, आणि फारच वर केले तर पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटून विमान कोसळते.

हा उतार किती सौम्य? बरे बांधलेले मॉडेल एक मीटर खाली येईपर्यंत साधारण पंधरा मीटर पुढे जाते. स्थिर हवेत ते सेकंदाला अर्धा मीटर उंची गमावते असे धरू. शंभर मीटरवरून सोडले तर 200 सेकंदांत, म्हणजे सुमारे सव्वातीन मिनिटांत, जमिनीला टेकेल. इंजिनाविना सव्वातीन मिनिटे ही काही वाईट कमाई नाही, पण तासभर उडायचे तर हे गणित पुरत नाही.

म्हणून हवा बदलायची. समजा, हवाच सेकंदाला दोन मीटर वेगाने वर चालली आहे आणि ग्लायडर त्या हवेत अर्धा मीटर वेगाने पडते आहे. जमिनीवरून पाहणाऱ्याला ते सेकंदाला दीड मीटर चढताना दिसेल. पडणे थांबलेले नाही. ज्या हवेत ते पडते आहे, ती त्याहून जोरात चढते आहे. सगळा खेळ अशी हवा शोधण्याचा आहे.

चढणारी हवा कुठे मिळते?

दोन ठिकाणी. पहिले ठिकाण डोळ्यांनी पाहायचे तर पावसाळ्यात नाणेघाटात जावे. कड्यावरून पडणारे पाणी खाली न जाता उलटे वर उडते. कोकणातून आलेला वारा सह्याद्रीच्या भिंतीला थडकतो, त्याला पुढे वाट नसते, म्हणून तो वर वळतो आणि पाणी सोबत नेतो. पाण्याला उचलणारा वारा ग्लायडरला सहज उचलतो. कड्याच्या तोंडासमोर चढत्या हवेचा एक पट्टा तयार होतो. वारा आहे तोवर त्या पट्ट्यात इकडून तिकडे येरझाऱ्या घालत राहायचे. (नाणेघाटच्या पावसाळी गर्दीत आणि धुक्यात हा उद्योग करायला जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको.)

जगात अशा जागांची नावे छंदिष्टांच्या तोंडी असतात. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ टोरी पाइन्स नावाचा समुद्रकाठचा कडा आहे, साधारण शंभर मीटर उंच. दुपारी पॅसिफिकवरून येणारा वारा त्यावर आदळतो आणि त्या एकाच पट्ट्यात पॅराग्लायडर, हँगग्लायडर आणि रेडिओ मॉडेले उडतात. वेल्समध्ये ग्रेट ऑर्म आहे. जर्मनीत ऱ्होन डोंगररांगेतले वासरकुप्पे तर या विद्येचे माहेरच. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर बंधने आली, तेव्हा तरुण मंडळी आत बसून उडवायची बिनइंजिनाची विमाने घेऊन या डोंगरावर जमली. ऑस्कर उर्सिनुस यांनी 1920 मध्ये तिथे पहिली स्पर्धा भरवली.

कड्याच्या मागच्या बाजूला मात्र जाऊ नये. वारा माथा ओलांडून घुसळत खाली उतरतो आणि मॉडेल आपटतो. गंमत अशी की काही वेडे मुद्दाम तिथेच जातात. माथ्यावरचा वेगवान वारा आणि त्याखालची शांत हवा यांच्या सीमेवर गोल गोल फिरवत ते प्रत्येक फेरीला वेग वाढवत नेतात. अल्बट्रॉस पक्षी समुद्रावर हीच युक्ती वापरतो. स्पेन्सर लिसेनबी यांनी 2021 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पार्कर माउंटनवर अशाच फेऱ्यांत एका बिनइंजिनाच्या मॉडेलला ताशी 548 मैल, म्हणजे सुमारे 882 किलोमीटर वेग दिला. प्रवासी जेट साधारण याच वेगाने जाते.

दुसरे ठिकाण सपाट माळावरही असते, पण दिसत नाही. ऊन सगळ्या जमिनीला सारखे तापवत नाही. नांगरलेले काळे रान, डांबरी पटांगण, वाळके गवत लवकर तापते. शेजारचा भिजवलेला ऊस किंवा तळे थंड राहते. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होऊन सुटते आणि वर जाते. या चढत्या स्तंभाला किंवा बुडबुड्याला थर्मल म्हणतात. एप्रिल-मेमध्ये माळरानावर धूळ-पाचोळा घेऊन फिरणारी वावटळ हे थर्मलचे दिसणारे मूळच. पंख न हलवता घिरट्या घालणाऱ्या घारी तिच्या वरच्या मजल्यावर असतात.

गंमत म्हणजे माणसाच्या विमानांनी हे रहस्य फार उशिरा वापरले. वासरकुप्पेवर सुरुवातीची काही वर्षे सगळी मंडळी कड्याच्या वाऱ्यावरच अवलंबून होती. माक्स केगेल यांना 1926 मध्ये एका वादळी ढगाने वर ओढून नेले आणि ते पन्नासहून अधिक किलोमीटर दूर जाऊन उतरले, तेव्हा कड्यापासून दूरही चढती हवा आहे याची सगळ्यांना जाणीव झाली. पुढे 1928 मध्ये रोबर्ट क्रोनफेल्ड यांनी चढ-उतार दाखवणारे यंत्र विमानात बसवून ती हवा शोधत जाण्याचा पायंडा पाडला.

मॉडेल उडवणारा जमिनीवर उभा असतो, त्यामुळे त्याला खुणा लांबून वाचाव्या लागतात. थर्मल सुटते तेव्हा जमिनीलगतची हवा चहूबाजूंनी तिच्याकडे ओढली जाते. म्हणून मैदानावर काठ्यांना हलक्या फिती बांधतात. सगळ्या फिती अचानक एका दिशेला वळल्या की तिकडे काहीतरी उठते आहे. आकाशात मॉडेलही बोलते. एक पंख आपोआप वर उचलला गेला तर चढती हवा त्या बाजूला आहे. नवखा माणूस तो पंख सरळ करतो आणि थर्मलपासून दूर निघून जातो. जाणता त्या उचललेल्या पंखाच्याच दिशेने वळतो आणि गोल फिरू लागतो.

मग खरा पेच. थर्मल वाऱ्याबरोबर वाहत जाते. वर चढता चढता मॉडेलही तिच्यासोबत दूर जाते आणि परत यायचे तर वाऱ्याच्या विरुद्ध यावे लागते. आणखी दोन फेऱ्या घ्याव्यात की आता निघावे, हा निर्णय दर मिनिटाला घ्यावा लागतो. लोभाने उशीर केला की ग्लायडर कुणाच्या तरी उसात उतरते.

मग हातातला रिमोट कशासाठी?

दिशा देण्यासाठी. हातातल्या ट्रान्समीटरमधून 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी विमानातल्या रिसिव्हरकडे जातात. तो आपला हुकूम सर्व्होंना देतो. सर्व्हो म्हणजे अंगठ्याएवढी मोटर, जी पंखाची किंवा शेपटीची हलती पट्टी नेमकी हवी तेवढी वळवते. आडव्या शेपटीची पट्टी नाक वर-खाली करते, उभ्या शेपटीची डावी-उजवीकडे, आणि पंखांच्या टोकांकडच्या पट्ट्या विमान कुशीवर कलवतात. बॅटरी लागते ती एवढ्यापुरतीच. वर राहण्याचा खर्च हवा करते.

शिकताना सगळ्यांना छळणारी गोष्ट निराळीच आहे. विमान आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते. बोटे सवयीने चुकीकडे जातात. यावर क्लबांत शिकवतात ती युक्ती अशी: समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली झुकला असेल, त्याला टेकू दिल्याप्रमाणे ट्रान्समीटरची काडी त्याच बाजूला सारायची. डावे-उजवे डोक्यात आणायचेच नाही.

हलके हवे, मग मुद्दाम वजन का भरतात?

बांधकामाची जुनी रीत अजून जिवंत आहे. नकाशा पाटावर पसरायचा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक, मग बाल्सा लाकडाच्या पातळ फासळ्या टाचण्यांनी जागेवर धरून चिकटवायच्या. बाल्सा मुख्यत्वे इक्वेडोरहून येते. पवनचक्क्यांच्या पात्यांतही ती भरतात, त्यामुळे 2020 च्या सुमारास पवनचक्क्यांची मागणी वाढली तेव्हा मॉडेलवाल्यांना हेच लाकूड दुर्मीळ झाले. सांगाड्यावर प्लास्टिकची फिल्म ताणून इस्त्री फिरवली की ती आक्रसून ढोलाच्या कातड्याइतकी ताठ होते. दुसरी रीत तापल्या तारेने फोम कापून त्यावर काचतंतू आणि इपॉक्सी चढवण्याची. कड्यावर आपटायची तयारी असणारे लवचीक फोम वापरतात. स्पर्धेची मॉडेले कार्बनच्या साच्यांतून निघतात. ती घरी होत नाहीत.

कोणत्याही रीतीने बांधा, एक गोष्ट चुकली तर बाकी मेहनत वाया. विमान ज्या बिंदूवर तोलून धरता येते, तो गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश रुंदीवर हवा. त्यासाठी नाकात शिसे भरतात. नाक जड असलेले मॉडेल रटाळ उडते, शेपूट जड असलेले एकदाच उडते, असे मैदानावर म्हणतात. ते अक्षरशः खरे आहे.

आता उलटी गोष्ट. वारा जोरात असेल तेव्हा हीच माणसे पंखांत पितळेच्या किंवा शिशाच्या सळ्या घालतात. वजन वाढले की विमान लवकर पडणार ना? पडते, पण तेवढ्याच प्रमाणात पुढेही वेगाने जाते. उताराचा कोन जवळपास तोच राहतो. हलके मॉडेल जोराच्या वाऱ्यात जागच्या जागी लोंबकळते किंवा मागे ढकलले जाते, जड मॉडेल वारा कापत पुढे येते. मंद हवेच्या सकाळी हेच वजन घात करते. म्हणून एकच मॉडेल दोन वजनांत उडवायची सोय ठेवतात.

वर सोडायचे कसे?

कड्यावरून नुसते फेकायचे. माळावर मात्र सुरुवातीची उंची कमवावी लागते. स्वस्तातला उपाय म्हणजे तीसेक मीटर रबरी नळी आणि तिला जोडलेली 120 मीटर दोरी. ती ताणून मॉडेल सोडले की ते चढते आणि शेवटी आकड्यातून दोरी आपोआप निसटते. क्लबकडे मोटारीच्या स्टार्टरवर चालणारे विंच असते. दूरच्या कप्पीवरून दोरी खेचून ते हेच काम जास्त ताकदीने करते.

मला सर्वांत देखणी वाटते ती हाताने फेकायची जात. दीड मीटर पंख, वजन पाव किलोच्या आसपास. पंखाच्या टोकाला खुंटी. थाळीफेक करणाऱ्याप्रमाणे स्वतःभोवती फिरून मॉडेल सोडायचे, ते पन्नास-साठ मीटर चढते. उतरताना हातात झेलायचे आणि लगेच पुन्हा फेकायचे.

छोटी विद्युत मोटर लावलेलीही ग्लायडर असतात. मोटर असेल तर ग्लायडर कसले, असे शुद्धतावादी म्हणतात. पण एफ-5-जे नावाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाप्रकारात यावर छान तोडगा आहे. मोटर जास्तीत जास्त तीस सेकंद चालवता येते आणि तिने गाठून दिलेल्या उंचीच्या दर मीटरला अर्धा गुण वजा होतो. 200 मीटरच्या वर गेलात तर मीटरमागे तीन. मोटर जेवढी कमी वापराल, तेवढी हवा तुम्हाला चांगली वाचता येते असा हिशोब.

क्लब कशाला? एकट्याने उडवले तर काय बिघडले?

जमीन, विंच, गवत कापणे, विमा हे खर्च एकट्याला झेपत नाहीत, हे उघडच आहे. जुन्या काळी आणखी एक कारण होते. दोघांनी एकाच फ्रीक्वेन्सीवर ट्रान्समीटर सुरू केला की दोन्ही विमाने बेताल. म्हणून फळ्यावर प्रत्येक फ्रीक्वेन्सीची चिमटी टांगलेली असे, ती ज्याच्याकडे तोच उडवणार. 2.4 गिगाहर्ट्झच्या संचांनी ही भीती संपवली, फळे गेले, क्लब राहिले.

राहिले ते डोळ्यांसाठी. उडवणाऱ्याला मॉडेलवरून नजर काढता येत नाही. शेजारी उभा असलेला मदतनीस घारी पाहतो, फितींवर लक्ष ठेवतो, मागून येणारे दुसरे विमान सांगतो. एका थर्मलमध्ये चार मॉडेले शिरली तर पहिला ज्या दिशेने फिरतो आहे, त्याच दिशेने इतरांनी फिरायचे हा रिवाज आहे. तो मोडला की आकाशात टक्कर. शिकाऊ माणसाला गुरूच्या ट्रान्समीटरशी जोडलेला जोडीचा ट्रान्समीटर देतात. गुरूने आपले बटण सोडले की ताबा लगेच गुरूकडे. पहिल्या काही उड्डाणांत मॉडेल वाचते ते या बटणामुळे.

अमेरिकेत 1969 साली स्थापन झालेली लीग ऑफ सायलेंट फ्लाइट ही संस्था तर सगळे साक्षीवरच चालवते. पाच पायऱ्या आहेत. पाचवीसाठी थर्मलमध्ये सलग दोन तास, कड्यावर सलग आठ तास, आणि दहा किलोमीटर दूरच्या ठिकाणी जाऊन परत, अशी उड्डाणे करावी लागतात. प्रत्येक उड्डाण पाहणारे साक्षीदार लागतात. आठ तास मान वर करून उभ्या राहणाऱ्या माणसाच्या साक्षीला आठ तास बसणारी माणसे मिळणे, हे मला उड्डाणापेक्षाही अवघड वाटते.

पण शेवटी ड्रोनच ना?

कायद्याच्या लेखी, हो. आत माणूस नाही आणि बाहेरून चालवले जाते, एवढे पुरते. मोटर आहे की नाही, हे कायदा विचारत नाही.

अमेरिकेत 250 ग्रॅम किंवा जास्त वजनाच्या मॉडेलसाठी मालकाला नोंदणी करावी लागते. 16 मार्च 2024 पासून रिमोट आयडीची, म्हणजे विमानाने आपली ओळख आणि जागा सतत प्रसारित करण्याची सक्ती कडक झाली. यातून सूट मिळालेल्या ठरावीक मैदानांवर मात्र असे यंत्र न लावता उडवता येते, आणि ही मैदाने बहुतेक करून क्लबांची असतात. म्हणजे ज्या नियमांनी एकट्या माणसाला जखडले, त्यांनीच क्लबांना नवी गरज मिळवून दिली.

आपल्याकडे 25 ऑगस्ट 2021 चे ड्रोन नियम लागू आहेत. छंद किंवा शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या 25 किलोपर्यंतच्या मॉडेलांचा त्यात वेगळा उल्लेख आहे आणि त्यांना टाइप सर्टिफिकेटची, म्हणजे त्या बनावटीच्या मंजुरीची, अट नाही. पण आकाशाचा नकाशा सगळ्यांना सारखाच. हिरव्या, म्हणजे आधी परवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात 120 मीटरपर्यंत मुभा, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त 60 मीटर. त्यावर स्थानिक पोलिसांचे बंदी आदेश. लोहगावच्या हवाई दलाच्या तळाभोवती पसरलेल्या पुण्यात किंवा मुंबईत मोकळी जागा सापडली, तरी तिच्यावरचे आकाश मोकळे असेलच असे नाही.

120 मीटर ही मर्यादा ड्रोनला पुरते, ग्लायडरला अडते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हाताने ओढून मॉडेल चढवायची दोरीच 150 मीटर लांब असते, म्हणजे दोरी सुटण्याआधीच मर्यादा संपू शकते. थर्मल तर त्या उंचीनंतर रंगात येते. नियम करणाऱ्यांची बाजू चूक नाही, कमी उंचीवरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरला दोन किलोचे कार्बन परवडणारे नाही. पण ठरलेल्या मैदानावर, ठरलेल्या वेळी, मदतनीस सोबत असताना जास्त उंची द्यायला हरकत नसावी, असे मला वाटते. सरसकट एकच आकडा लावणे सोपे असते म्हणून लावला जातो.

कुणाच्या डोक्यात पडले तर?

लागेल, जोरात लागेल. आवाज नसल्यामुळे सावधही होता येत नाही. म्हणून वस्तीवर, रस्त्यावर, क्रिकेट चाललेल्या मैदानावर उडवायचे नाही, आणि उतरण्याआधी मोठ्याने ओरडून सांगायचे. रेडिओचा संपर्क तुटल्यास सर्व्होंनी कुठे थांबायचे हे रिसिव्हरमध्ये आधीच ठरवून ठेवतात. सहसा ब्रेक, म्हणजे हवा अडवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्या, उघडे आणि हलके वळण, म्हणजे विमान गावाकडे न जाता आसपासच गोल फिरत उतरते.

खर्च?

स्पर्धेचे कार्बन मॉडेल लाखाच्या पुढे जाते, पण ते सुरुवातीला घेणे म्हणजे पैसे उसात टाकणे. साधे फोमचे मॉडेल आणि चार-सहा चॅनलचा, म्हणजे तेवढे वेगवेगळे हुकूम देणारा, ट्रान्समीटर यात शिकता येते. ट्रान्समीटर पुढच्या प्रत्येक मॉडेलला चालतो, म्हणून त्यात काटकसर करू नये. मुले एनसीसीच्या एअर विंगमध्ये असतील तर एरोमॉडेलिंगची तोंडओळख तिथे फुकट होते. बाकीच्यांनी खरेदीआधी जवळच्या एरोमॉडेलिंग क्लबला एक सकाळ द्यावी आणि तिथे तीन गोष्टी विचाराव्यात: ही जमीन कोणाच्या परवानगीने वापरता, नकाशावर हे क्षेत्र कोणत्या रंगात येते, आणि माझ्यासाठी जोडीचा ट्रान्समीटर कोण धरेल? तिसऱ्याचे उत्तर मिळाले नाही तर मॉडेल घेण्याची घाई करू नये.